पत्रिकेतला ‘चि.’

६ जानेवारी
पत्रिका अडली! अंबिकाताईच्या लग्नाचा बाकी सगळा मजकूर जुळवून झाला. निमंत्रकांत राजेशदादाच्या नावापाशी थांबलो. दादा मालवाहू जहाजावर होता. वादळात बेपत्ता झाला त्याला वर्षं झाली. शोध घेतला, काहीच सापडलं नाही. नाना म्हणतात, कै. लाव. आई म्हणते, चि.
दोन्ही टाइप केले. दोन्ही पुसले.

७ जानेवारी
प्रेसमधल्या शब्दकोशात पाहिलं. चिर — फार मोठा, न संपणारा काळ. चिरंजीव — तेवढा जगणारा. पण आपण तर प्रत्येक नवऱ्या मुलाला चि. लावतो! आणि सकाळीच मी एका श्रद्धांजलीच्या बॅनरवर ‘चिरनिद्रा’ छापलं. काळ तोच. जगणाऱ्यालाही तोच, गेलेल्यालाही तोच. मग दादाला कुठला?
शेठना, म्हणजे बाबुरावांना विचारलं. ते म्हणाले, “अरे, चि. म्हणजे घरातला धाकटा. तू काय यमाकडे कामाला आहेस? मजकूर लाव.”

८ जानेवारी
जेवताना विषय निघालाच. नानांचं म्हणणं, चि. छापलं तर मांडवात लोक विचारतील, थोरला कुठे आहे? काय सांगायचं?
आई ताटाकडे बघत म्हणाली, “तो गेलो म्हणान कोणी बघल्यान?”
मी मनात म्हटलं, नाव गाळलं तर? — पण मग तो आमच्या घरात नव्हताच, असं होईल.

११ जानेवारी
चि. छापलं. नानांना न विचारता.
त्यांनी पत्रिका वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. माझ्याकडे न बघता उठून गेले. आई दिवसभर खुशीत, भोईवाड्यात घरोघरी स्वतः पत्रिका देऊन आली. मी बरोबर केलं की चूक? कळत नाही.

१३ जानेवारी
नाना अजून माझ्याशी बोलत नाहीत.

१ फेब्रुवारी
आज लग्नाआधीची वाडी. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी केळीच्या पानांवर वाढून गच्चीत ठेवायची. आजी-आजोबांची दोन पानं मी मांडली. आईने शेजारी तिसरं मांडलं. वडे वाढले, वाटाण्याचं सांबारं वाढलं, दादाला लागायचा तसा वर गूळ ठेवला.
मी तिच्याकडे बघत राहिलो.
“नानांका सांगू नको,” म्हणाली.