आत्या स्टेशनवर का ताटकळली

ती. आत्या,

दोन्ही पायांना लांबूनच नमस्कार (जवळून केला असता, पण पायात चपला असतात). तब्येत कशी आहे? त्या दिवशी स्टेशनवर ट्रंकेवर बसून बसून कंबर आखडली असेल. तू चिडून आल्या पावली परत गेलीस हे कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझं ऐकून तर घे.

आमच्या फुलपाखरांच्या काचघरात त्या केशरी जातीचा एकच नर उरला होता. तोही म्हातारा, एक पंख फाटलेला. त्या सकाळी कोषातून मादी बाहेर आली. संध्याकाळपर्यंत दोघांचं जमलं नाही तर म्हातारा काही दुसरा दिवस बघत नव्हता, आणि आमच्या काचघराच्या मॅडमनी इतकी वर्षं जपलेला वंश बुडाला असता. नर मादीसमोर हवेत थरथरतो, पंखांवरचा सुगंध तिच्या अंगावर उडवतो. तिला पसंत नसेल तर ती पोटाचं टोक वर करते, म्हणजे चालायला लाग (आतोबांना तू नुसती भुवई वर करून गप्प करतेस, तसंच).

पण तुला घ्यायला यायचं म्हणून मी तूच विणलेला केशरी मफलर मुद्दाम गळ्यात घातला होता. म्हाताऱ्याने मादीकडे पाठ फिरवली आणि मफलरलाच मागणी घातली! माझ्या नाकासमोर थरथर थरथर थरथरला. मॅडमचा चेहरा पांढराफटक. "हललात तर याद राखा," त्या दातओठ खात कुजबुजल्या. मी घामाने निथळतोय आणि खिशात फोन वाजतोय (तुझाच). शेवटी मादी बसली होती ती डहाळीच मॅडमनी अलगद कापून माझ्या खांद्याला टेकवली, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले आणि जोडी जुळली, तीही माझ्या खांद्यावर. एकदा जुळली की तासन्‌तास सुटत नाही, आणि मध्येच धक्का बसला तर सगळं मुसळ केरात. अंधार पडेपर्यंत मी स्टुलावर दगडासारखा बसलो. शिंक आली ती गिळली. भीतीने रडू येत होतं गं.

तुझा (निदान त्या दिवसापर्यंत) लाडका भाचा

ता.क. अंडी फुटली, बारीक बारीक सुरवंट निघालेत. ते कृष्णकमळाच्या पानांखेरीज कशालाच तोंड लावत नाहीत, आणि आमच्या वेलावर माळ्याने नेमकं कालच औषध फवारलं.

आणखी ता.क. तुझ्या मागच्या दारी कृष्णकमळ आहे. मागितलं असतं तर तू दिलं नसतंस. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता आमच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवलं, आणि तू पुढच्या खोलीत बसून ते शेवटपर्यंत वाचावंस म्हणून इतकं लांबवलं. आता मागे धावून उपयोग नाही, वेल गाडीत चढला असेल.