तिसऱ्या पुलापाशी वीतभर पाणी

३ फेब्रुवारी, सकाळ
ठरलं. सूड घ्यायचा. शांत डोक्याने, कुणाला सुगावा लागू न देता.

काल संस्थेचे नवे साहेब आमच्या लायब्ररीत आले. काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, बाई, तुमच्या मिस्टरांचा प्रोग्राम महिनाअखेरीस बंद करतोय, तुम्हाला आधी सांगावं म्हटलं. धरणाचे दरवाजे उघडले की कुठल्या पुलापाशी किती पाणी चढेल, ते काढणारा प्रोग्राम. ह्यांची अकरा वर्षं गेली त्यात. खालच्या हॉलमधली सगळी मोठी मशीनं जुंपली की तीन दिवसांनी उत्तर येतं. आता एआयचं मॉडेल आलंय, ते चार सेकंदांत सांगतं. साहेबांनी चार बोटंही दाखवली.

मी म्हणाले, बरं. आणि पुस्तकांवर शिक्के मारत राहिले. माझ्या शांतपणाने ते हादरले असणार.

४ फेब्रुवारी
वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं वहिनी, दादाला जाऊन तीन वर्षं झाली, आता मशीनसाठी कसली रडतेस? मी म्हणाले, रडत नाहीये, सूड घेतेय. त्या म्हणाल्या, मग आधी दोन घास जेव, उपाशीपोटी झेपायचं नाही तुला.
नणंदेला विषयाचं गांभीर्य नाही.

६ फेब्रुवारी
पहिला वार. साहेबांकडच्या एका पुस्तकासाठी एकाच दिवसात तीन रिमाइंडर धाडले. संध्याकाळी स्वतः पुस्तक घेऊन आले. सॉरी म्हणाले. वर म्हणाले, तुमच्यामुळे लायब्ररी शिस्तीत चालते.
कावेबाज माणूस.

९ फेब्रुवारी
शत्रूचा अभ्यास. सात नंबरच्या कपाटातलं एआयचं जाड पुस्तक घरी आणलं. चाळीस पानं नीट समजली. एकेचाळिसाव्यापासून लेखकाचं लक्ष उडालेलं दिसतं.

सार असं: मॉडेलला पाण्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. पाणी उताराकडे का जातं, तेही नाही. त्याला हजारो प्रश्न दाखवतात, सोबत त्यांची उत्तरं दाखवतात. ते बघून बघून पुढचं उत्तर ते अंदाजाने ठोकतं. म्हणजे सरळसरळ कॉपी. आणि हे एकेका ओळीसाठी आठवडा आठवडा डोकं धरून बसायचे.

मी मॉडेलचं नाव शहाणं ठेवलं आहे.

ती उत्तरं मुळात कुणाची दाखवतात, ते वाचायचं राहिलं. फारसं महत्त्वाचं नसावं.

११ फेब्रुवारी
साहेबांच्या हाताखालच्या चष्मेवालीला बोलतं केलं. शहाणं हिनेच तयार केलंय. वय सव्वीस, डबा एकटीच खाते. म्हणाली, काकू, मी सरांचा प्रोग्राम वाचून वाचूनच सगळं शिकले. असं गोड बोलून गुंडाळायला बघतात. डबा पुढे केला. संशय नको म्हणून दोन घास घेतले. मग आणखी दोन.
ठराव: हिच्यावर सूड नाही. साहेबांवर दुप्पट.

१४ फेब्रुवारी
सापडलं!
ह्यांच्या निळ्या वहीत. तिसऱ्या पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी आहे, तिच्यावरून पाण्याची खरी उंची मोजलेली. ह्यांच्या शेवटच्या वर्षातले पाच पूर. आणि शहाण्याचा रिपोर्ट आमच्याच लायब्ररीत दाखल झालाय, त्यातही तेच पाच पूर. बाकीच्या पुलांवर शहाणं बरोबर. तिसऱ्या पुलापाशी मात्र पाचही वेळा वीतभर जास्त! ह्या लोकांनी कॉम्प्युटरचं उत्तर कॉम्प्युटरशीच ताडून पाहिलंय. नदीवर जाऊन पट्टी बघायचं एकालाही सुचलं नाही.
वहीची पुढची पानं पाहिली नाहीत. तिथून अक्षर डगमगायला लागतं. गरजही नाही. पुरावा भरपूर झाला.

१८ फेब्रुवारी
योजना. २६ तारखेला हॉलमध्ये शहाण्याचा डेमो, धरणाचे इंजिनिअर येणार. मी मागच्या रांगेत. शेवटी उठायचं, वही उघडायची, विचारायचं. साहेब तोंडघशी. शहाणं रद्द. ह्यांचा प्रोग्राम कायम.

वन्संसमोर फोनवर तालीम केली. म्हणाल्या, सगळं ठीक, फक्त आवाज चढवू नकोस, चढला की तू रडतेस.
मी कधी रडले?

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
उठले. विचारलं. रडले नाही. हॉलमध्ये धूळ फार आहे.

पाचही आकडे वाचून दाखवले. इंजिनिअर वळून साहेबांकडे बघायला लागले. साहेबांचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा. वीस सेकंद असतील. आयुष्यभर पुरतील असं वाटलं.

मग चष्मेवाली हळूच म्हणाली, काकू, पण मॉडेलला आम्ही सगळी उत्तरं सरांच्या प्रोग्रामचीच दाखवलीत. अकरा वर्षांची. त्यांनीच शिकवलंय म्हणा ना त्याला. तिने तिथल्या तिथे ह्यांचे जुने निकाल काढले. त्यातही तिसऱ्या पुलापाशी वीतभर जास्त.

साहेबांनी वही मागितली. मी जिथे थांबले होते त्याच्या पुढचं पान उलटलं, आणि वाचून न दाखवता माझ्यापुढे धरलं.

‘तिसऱ्या पुलाच्या जरा पुढचे, जुन्या पुलाचे दोन पडके खांब नदीतून काढून टाकले. प्रोग्राममधून काढायचे राहिलेत. बरं वाटलं की करतो.’

खाली तारीख. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं.

साहेब इंजिनिअरांना म्हणाले, या बाई नसत्या तर पुढच्या पुरात आपण खालची सहाशे घरं उगाच रिकामी करायला लावली असती. टाळ्या झाल्या. मी सूड घेत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

२७ फेब्रुवारी
कामावर गेले नाही. अंगात कसकस.

वन्सं आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, म्हणजे चारचौघांत तू दादाचीच चूक काढलीस? नवीन काय केलंस मग, तो असतानाही हेच करायचीस.
हसले नाही. त्या गेल्यावर हसले.

२८ फेब्रुवारी
चष्मेवाली घरी आली. प्रोग्राम बंद करणं आठ दिवस पुढे गेलंय. खांब काढून तो तिसऱ्या पुलापुरता पुन्हा चालवायचा, नवी उत्तरं शहाण्याला दाखवायची, आणि मग बंद. पण खांब कुठे लिहिलेत ते कुणाला सापडत नाही. ह्यांनी खुणेचे शब्द आपले आपले ठेवलेत. ती म्हणाली, काकू, तुम्ही याल?
स्वच्छ नाही म्हणाले. शोधू दे साहेबांना.

१ मार्च
गेले. माघार नव्हे. पाहणी.

अर्ध्या तासात सापडले. एकीकडे ‘थोरला’, दुसरीकडे ‘धाकटा’. रविवारी पुलावर उभे राहून हे मला दाखवायचे, तो बघ थोरला, कसा पाणी अडवतोय. खांब नदीत नव्हते तरी प्रोग्राममध्ये पाणी अडवत उभेच होते, इतकी वर्षं.
चष्मेवाली उठली, खुर्ची मला दिली. म्हणाली, तुम्हीच पुसा.
थोरला पुसला. धाकट्याला जरा वेळ लागला.

साहेबांनी स्वतः चहा आणून ठेवला. घेतला नाही. गार झाल्यावर घेतला.

९ मार्च
सकाळी अकराला ह्यांचा प्रोग्राम बंद झाला. हॉलमधली मशीनं लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला लागली. घरघर तीच.

चष्मेवालीने मला शहाण्यासमोर बसवलं. मी विचारलं, वहीतल्या पहिल्या पुरात तिसऱ्या पुलापाशी पाणी किती? चार सेकंद. बरोबर पट्टीवरचा आकडा. साहेब परफेक्ट म्हणाले आणि जेवायला गेले.

मी पुन्हा विचारलं. मग वहीतले बाकीचे पूर घालून विचारलं, उलटसुलट करून विचारलं. दुपारपर्यंत सतरा वेळा.

एकदाही ह्यांच्यासारखं चुकलं नाही.