लसूणघासात उतरलेला फुगा

लिंडेन क्रॉसिंग, आयोवा
रविवार, ७ ऑगस्ट १९७७, चर्चहून आल्यावर

प्रिय एमिल,

तू आणि इंगा दोघंही बरे असाल, इंगाची कंबर आता धरत नसेल असं समजते. मी ठणठणीत आहे. नाताळच्या कार्डाशिवाय मी कधी लिहीत नाही, म्हणून पाकीट पाहून कोण गेलं असं तुझ्या मनात येईल. कोणी गेलेलं नाही. उलट इतकं काही घडलंय की कालपासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही. फोन केला असता, पण आपल्या सामायिक लाइनवर अजून पाच घरं कान लावून असतात.

एमिल, मी आकाशात जाऊन आले. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

नीट क्रमानं सांगते. शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी दुधाच्या बरण्या धूत होते. उकाडा पहाटेपासूनच होता, मक्याची पानंसुद्धा हलत नव्हती. एवढ्यात गोठ्यामागून कोणीतरी प्रचंड मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज आला. नऊच्या नऊ गाई शेपट्या वर करून ओढ्याकडे पळाल्या. बाहेर येऊन बघते तर तांबडा-पिवळा, चर्चएवढा फुगा आपल्या कोठाराच्या छपरावरून सरकत येतोय, खाली वेताची टोपली आणि टोपलीत एक बाई. दक्षिणेकडे फुग्यांची शर्यत भरते ना, तिथून वाऱ्यानं वाट चुकवलेली.

तिनं वरूनच विचारलं, शेत कोणाचं? मी म्हटलं, माझं. उतरले तर चालेल का, म्हणाली. मी म्हटलं, तुम्हाला आता वर राहणं जमणार आहे का? आणि ती तीन उड्या घेत, टोपलीसकट आडवी होत, माझ्या लसूणघासात उतरली. तिसरी कापणी पुढच्या आठवड्यावर आलेली. पाऊण एकर घास सपाट.

बाईचं नाव मार्व्हा स्टेनस्रूड. मिनेसोटातल्या शाळेत विज्ञान शिकवते, उन्हाळ्यात हे उद्योग. मी तिला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली, खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, दिले. तिनं सहा खाल्ले. तोवर व्हर्लिन पेशेक ट्रक घेऊन हजर. रस्त्यापलीकडे राहतो म्हणून माझ्या घरी काय चाललंय ते मला कळायच्या आधी त्याला कळतं. आता तर बायकोही नाही त्याला आवरायला. म्हणाला, ‘अदेला, सोळा वर्षांत तुझ्याकडे मुक्कामाला पाहुणा आला नाही, आणि आला तो असा.’ हसण्यावारी बोलला. मीही हसले.

घासाची भरपाई म्हणून काय देऊ, असं मार्व्हानं विचारलं. मी काही नको म्हणणार होते. तोंडातून निघालं, मला वर न्या.

ती रात्री माझ्याकडेच राहिली, आणि काल सकाळी, ऊन चढायच्या आत, आपल्याच शेतातून आम्ही वर गेलो. मी बाबांची जुनी गोठ्यातली टोपी घातली होती, कारण फुग्यातली हवा तापवणाऱ्या ज्वाळेची धग डोक्यावर येते. एमिल, वर अजिबात हलत नाही. जमीनच खाली निघून जाते. वाऱ्याबरोबर चालल्यामुळे वारा लागतच नाही, आणि खालचं सगळं ऐकू येतं. शेजारच्या क्राल्यांचा कुत्रा भुंकला तो माझ्या पायाशी भुंकल्यासारखा. मक्याला तुरे आलेत, वरून ते पिवळं कापड वाळत घातल्यासारखं दिसतं, मैलोगणती. पाद्र्याच्या बायकोनं धुणं शनिवारीही वाळत घातलं होतं, आणि काय काय वाळत होतं ते मी कोणाला सांगणार नाही. खाली व्हर्लिन ट्रकमधून आमचा पाठलाग करत होता, खिडकीतून हॅट हलवत, एकदा सरळ खड्ड्यात गेला. मी ओरडले, एमिल. बाईमाणसानं या वयात ओरडू नये तशी ओरडले. मार्व्हा म्हणाली, सगळेच ओरडतात, पण तुमच्याइतकं मोठ्यानं नाही.

आपलं घर वरून एवढंसं आहे. तुझी पोटमाळ्याची खिडकी दिसली. बाबांची खोलीही. तिथं मी हल्ली कांदे वाळवते. असो.

सोमवार, दुपार

काल इथंच थांबले. पत्र संपवून टपालात टाकावं म्हणून तीनदा सही करायला बसले.

तू दर नाताळच्या कार्डावर खाली एक ओळ लिहितोस. बाबा शेवटी काही बोलले होते का? आणि मी दरवर्षी बर्फ किती पडला ते लिहिते.

वर एक गोष्ट झाली ती कालच्या मजकुरात मी गाळली. ओढ्यावर आल्यावर मार्व्हानं ज्वाळा बंद केली. इतकी शांतता होती की मला माझा श्वास ऐकू येत होता. तिनं सहज विचारलं, हे सगळं आत्ता तुमच्या शेजारी उभं राहून कोणी पाहावं असं वाटतं? मी तुझं नाव घेतलं. भाऊ आहे, ओरेगॉनला असतो. शेवटचे कधी आले होते? वडिलांच्या मातीला. वेळेवर पोहोचले का, असं तिनं विचारलं. तिला काय ठाऊक.

मी म्हटलं, ‘मी त्याला वेळेवर बोलावलंच नाही.’

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. हजार फुटांवर, एका परक्या बाईपाशी. टोपलीच्या कडेवरच्या माझ्या हातावर तिनं हात ठेवला.

बाबा अचानक गेले असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. ते खोटं आहे, एमिल. ते अकरा दिवस अंथरुणावर होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, एमिलला बोलव. मी म्हटलं, बोलावलंय, निघालाय. रोज दुपारी विचारायचे, बस आली का? मी सांगायची, रस्त्यात बर्फ आहे. त्या नोव्हेंबरात बर्फ पडलाच नव्हता. त्यांना खिडकीतून दिसत होतं की नाही, मला माहीत नाही. मी पडदा ओढून घेतला होता.

कारण हवं असेल तर सांगते. तू आलास की बाबा विरघळतील आणि शेत तुझ्या नावावर करतील, अशी मला धास्ती होती. तू घर सोडलंस त्या दिवशी अंगणात तुला ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ म्हणाले होते, पण तुझ्या खोलीतली चादर ते दर वसंतात बदलायला लावायचे. तू गेल्यावर या गाईंच्या धारा मी काढल्या, या जमिनीत मी राबले, आणि शेवटी मी पाहुणी ठरेन असं वाटलं. एवढंच कारण. लिहिल्यावर किती लहान दिसतंय.

तुझ्या ओळीचं उत्तर: हो, बोलले होते. रोज तेच बोलत होते.

माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही. पण शनिवारपासून मला गाणं म्हणावंसं वाटतंय, आणि हे न सांगता मी ते कसं म्हणू? घास आज कापला. पडलेलाही बराचसा निघाला. तू उत्तर पाठवलं नाहीस तरी मी समजेन.

शेत जिच्याकडे राहिलं ती तुझी बहीण,
अदेला


अस्टोरिया, ओरेगॉन
शुक्रवार, १२ ऑगस्ट

अदे,

पत्र मासळीच्या कारखान्यात मिळालं. फुग्यापर्यंत मी ते मुकादमाला वाचून दाखवत होतो, आम्ही दोघं हसत होतो. पुढचं मी बाहेर धक्क्यावर उभं राहून वाचलं.

आता तू खाली बस. तू एक गाळलंस, मी दुसरं. गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला फोन केला होता. पाचव्या दिवशी. म्हणाले, बाबा फार दिवसांचे नाहीत, बहिणीला सांगू नका मी कळवलं म्हणून, तिच्यावर आधीच ओझं आहे. मी तिकीट काढलं. बॅग घेऊन बसस्टँडवर बसलो. पहिली बस गेली, मग दुसरी. इंगा शोधत आली आणि घरी घेऊन गेली. बाबा मला पुन्हा अंगणातलंच वाक्य ऐकवतील, असं वाटलं होतं. तेवढं ऐकायची ताकद नव्हती.

मग तुझा फोन आला, बाबा अचानक गेले. अदे, मला हायसं वाटलं. डॉक्टरांनी मला कळवलं होतं, हे तुला कळलेलंच नव्हतं. आणि तरी मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुझ्यावर ओरडलो, मला का नाही बोलावलंस? तू मान खाली घातलीस आणि मी ती घालू दिली. सोळा वर्षं.

ते माझी वाट बघत होते हे मात्र मला आज कळलं. ती ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस.

इंगा म्हणते, लिहीत काय बसलायस, नीघ. तिनंच बॅग भरली, कंबर धरून. हे मी स्टँडवरच गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय, अक्षराला हसू नकोस. मन एखाद्या पोरासारखं उड्या मारतंय. बस लागली आहे, ड्रायव्हर आत बसलाय.

बहुतेक मी या पत्राच्या आधी पोहोचेन. समोर आल्यावर यातलं एक अक्षर मला बोलता येणार नाही. दारात एवढंच म्हणेन: टपाल येईपर्यंत काही विचारू नकोस, फक्त जेवायला घाल.

या वेळी बसमध्ये चढणारा,
एमिल