हिरव्या फ्रिजला बसवलेला नळ

पार्सिपनी,
सप्टेंबर १९८६

प्रिय सरलाताई,

पाकिटावर इथला पत्ता बघून तुम्ही हे पत्र आधी लेकीच्या, शीलाच्या हातात दिलं असेल. पण ते तिचं नाही, तुमचंच आहे. मी दीपा. आपण कधी भेटलो नाही. शीलाला विमानतळावर आणायला-सोडायला श्रीरंग जातो, आणि तुमचा फोन आला की मी "एक मिनिट हं" म्हणून रिसीव्हर त्याच्या हातात देते. एवढीच आपली ओळख. 'प्रिय' लिहावं की नाही, यावर मी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. 'श्रीमती' लिहिलं तर बँकेचं पत्र वाटलं असतं, म्हणून प्रियच लिहिलं.

मी नाशिकची, तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचे. पस्तिशीत श्रीरंगशी माझं लग्न झालं आणि गेल्या वर्षी मी या घरात आले. घर तुम्ही लावलेलं होतं. घटस्फोट होऊन तुम्ही गेल्यानंतर त्यानं एक खुर्चीसुद्धा हलवलेली नव्हती, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, त्याला सुचलंच नसेल. पडदे मी बदलले, ताटं बदलली. पण स्वयंपाकघरात तो हिरवा फ्रिज होता, कैरीच्या सालीच्या रंगाचा. त्याचं दार उलट्या बाजूनं उघडायचं. मी उजव्या हातानं ओढायला जायचे आणि दरवेळी दार माझ्याच अंगावर यायचं. शेवटी मी श्रीरंगला विचारलं, की हे असं कसं बसवलंय? तो म्हणाला, "सरला डावखुरी आहे ना, म्हणून बिजागऱ्या फिरवून घेतल्या होत्या." तो सहज म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. सरलाताई, नवऱ्याची पहिली बायको फोटोत असली तर फोटो कपाटात ठेवता येतो. तुम्ही मला दिवसातून कितीतरी वेळा डावा हात वापरायला लावत होतात.

म्हणून मी नवा फ्रिज मागितला. तो लगेच हो म्हणाला आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. जूनमध्ये नवा फ्रिज आला, बर्फ आपोआप पाडणारा, उजव्या हाताचा. ट्रकवरची माणसं जुना घेऊन जायला तयार होती. पण श्रीरंग पुढे झाला आणि म्हणाला, "तो गॅरेजमध्ये ठेवा, त्याचं मला काम आहे."

काम म्हणजे बिअर. तो तळघरात बिअर करतो हे मला माहीत होतं. आमच्या घरी दारूचं नाव कुणी काढत नसे, पण त्याचा हा उद्योग मला कधी खटकला नाही, कारण त्यात पिण्यापेक्षा बाटल्या धुणंच जास्त असायचं. मला वाटायचं, शेजारच्या वॉल्टनं त्याला हा नाद लावला. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. आता दोघांच्या डोक्यात होतं, की बाटल्या बंद. सोड्याच्या कंपन्या वापरतात तसलं स्टीलचं पिंप आणायचं, ते हिरव्या फ्रिजमध्ये उभं करायचं, शेजारी बिअर वर ढकलणाऱ्या गॅसचा सिलिंडर, आणि दाराला भोक पाडून बाहेर नळ. ग्लास लावला की बिअर.

ते दिवस चांगले होते, हे मला कबूल केलंच पाहिजे. शीला सुट्टीला आलेली होती. श्रीरंग कामावरून आला की टाय काढून तडक गॅरेजमध्ये. फ्रिजमधल्या जाळ्या काढल्या, भाजीचा खण काढला, पिंप बसतं का ते दहादा बघितलं. ज्या दिवशी दाराला भोक पाडायचं होतं त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. खरं सांगते, ड्रिल त्या हिरव्या पत्र्यात शिरलं तेव्हा मला बरं वाटलं. आतून काचेच्या लोकरीचा पिवळा भुगा उडाला, त्याचे हात खाजून लाल झाले, आणि मी खोबरेल तेल चोळत असताना तो लहान मुलासारखा हसत होता. मला वाटलं, हा आता आमचा फ्रिज झाला. तेवढ्यात वॉल्ट म्हणाला, "रंगा, सरला असती तर तिनं आधी पुठ्ठ्यावर भोक पाडून दाखवायला लावलं असतं." दोघं हसले. मी त्याला कधी रंगा म्हटलेलं नाही. ते नाव या गल्लीत तुम्ही आणलंत, हे मला तेव्हा कळलं. आणि बिअरही तुम्हीच आणलीत, हेसुद्धा. वॉल्टच सांगत होता. तुम्ही प्रयोगशाळेतून शिकून आलात, पहिलं पातेलं तुम्ही चढवलंत, आणि तुमचा नवरा शेजारी उभा राहून घड्याळ बघायचा. मी तेलाची बाटली घेऊन घरात आले.

पुढे जे झालं ते तुम्हाला त्यानं सांगितलं नसेल. फ्रिज रिकामा करताना त्यानं आतली, मागच्या कोपऱ्यातली, मी कधी न उघडलेली एक काचेची बरणी कामाच्या टेबलावर ठेवली आणि तिथेच विसरला. जुलैचा उकाडा तुम्हाला माहीत आहे, आणि आपल्या गॅरेजला खिडकी एकच, तीही पश्चिमेला. नळ बसला, नळ्या जोडल्या, गळत नाहीत ना ते साबणाचं पाणी लावून बघितलं, आणि मग त्याला बरणी आठवली. झाकण उघडल्यावर इतका घाण वास आला, की मी दारातच थांबले. त्यानं ती अंगणातल्या नळाखाली रिकामी केली, धुतली, परत आला आणि पालथ्या बादलीवर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, काय होतं त्यात? तो म्हणाला, "यीस्ट. सरलानं निवडून धरलेलं. इतकी वर्षं दर वेळी त्यातलंच थोडं पुढच्याला ठेवत आलो."

विरजण ठेवतात तसं, हे मला लगेच समजलं. समजलं नाही ते त्याचं रडणं. त्याची आई गेल्याची तार आली तेव्हा मी त्याच्याजवळ होते. त्यानं तार वाचली, घडी घातली आणि विमानाच्या तिकिटासाठी फोन करायला लागला. त्या दिवशीही मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. तुम्ही गेलात, हिरवा फ्रिज गॅरेजमध्ये गेला, तरी तुमचं काहीतरी त्या घरात जिवंत होतं, वाढत होतं, आणि तो ते सांभाळत होता. मी त्याच्या शेजारी झोपत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पिंप तसंच रिकामं उभं राहिलं. तो गॅरेजकडे फिरकेना. वॉल्ट दोनदा येऊन गेला. मग एका शनिवारी मी गाडी काढली. लायसन्स नवीन आहे, हायवेवर अजून माझे तळवे ओले होतात, पण शीलाला बरोबर घेतलं आणि बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन कोरड्या यीस्टचं पाकीट आणलं. येताना शीला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मॉमकडे आहे ना ते. फ्रीझरमध्ये, फ्रोझन पीजच्या पाकिटांमागे, छोट्या ट्यूब्जमध्ये. शी मेक्स इट फ्रेश एव्हरी इयर." मी विचारलं, तुझी आई अजून बिअर करते? ती म्हणाली, "नो. नेव्हर." मी पुढचं काही विचारलं नाही. तिलाही सांगितलं, डॅडला इतक्यात बोलू नकोस. तिनं माझ्याकडे बघितलं आणि "ओके, दीपामावशी" म्हणाली. शहाणी मुलगी आहे तुमची.

बिअर आम्ही केली, मी आणि श्रीरंगनं. धान्य शिजताना नाचणीच्या सत्त्वासारखा वास सुटला आणि मला अचानक नाशिकचं घर आठवलं. मी त्यात गुळाचा खडा टाकला. तो नको नको म्हणत होता, पण हसत होता. पातेल्याची दुसरी बाजू मी धरली होती. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम असावं.

लेबर डेच्या सुट्टीला मराठी मंडळाची माणसं बोलावली. नळाची मूठ खाली ओढली की फेसासकट बिअर यायची, आणि लोक लहान मुलांसारखे रांग लावून उभे होते. वॉल्टनं दोन ग्लास घेतले. मी एक घोट घेतला, कडू लागला, पण मी तो थुंकला नाही. मग मंडळातल्या बाळकाकांनी ग्लास उन्हात धरला, चव घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चांगली आहे रे. पण सरलाची ती नाही ही." मी श्रीरंगकडे बघितलं. तो म्हणाला, "हीपण चांगलीच आहे." त्या 'पण'वर मी आठवडाभर जगते आहे. लोक गेल्यावर ग्लास धुताना तो म्हणाला, "सरलाच्या लॅबमध्ये मूळचं थोडं असेल कदाचित. शीलाच्या वाढदिवसाला फोन करेन तेव्हा विचारतो."

म्हणून हे पत्र. त्याचा फोन येईल, तो आधी शीलाशी बोलेल, मग तुमच्याशी, आणि शेवटी जरा घुटमळून विचारेल. तुम्ही त्याला नाही म्हणून सांगा. उरलं नाही म्हणा, मेलं म्हणा, तुम्ही त्या शास्त्रातल्या, तुमचं तो ऐकेल. तुमच्याजवळचं टाकून द्या असं मी म्हणत नाही, तो हक्क मला नाही. तुम्ही ते दर वर्षी नव्यानं का वाढवता हेही मी कधी विचारणार नाही, कारण मला वाटतं ते मला माहीत आहे. तुम्ही ते अजून जपता, हे त्याला ठाऊक नाही. तुम्ही हो म्हणालात तर बर्फात गुंडाळलेली एक छोटीशी नळी टपालानं येईल आणि त्याला सगळं कळेल, तुमच्या मनातलंही आणि स्वतःच्या मनातलंही. मग मी काय करायचं, हे मला खरंच सुचत नाही. ते तुमच्याकडेच राहू दे. आमची बिअर पाकिटातल्या यीस्टची होईल, जरा हलकी, जरा गुळचट. ती प्यायची त्याला सवय होईल. मला तेवढा वेळ द्या.

तुमचीच,
दीपा