लाल धाग्याचं भांडं

२२ सप्टेंबर
इंदूरला पोचलो एकदाचा! रावेरहून निघताना मंगलाताई रडली. आईमागं तिनंच वाढवलं मला. लहानपणी तिच्या विळ्यावर पडलो होतो, त्याचा व्रण आहे कानामागं. त्याला हात लावून म्हणाली, नथू, जत्रेत हरवलास तरी यावरून ओळखीन. भाऊबीजेला येणार आहे.

काम सांवेर रोडच्या लॅबमधे, काचेची भांडी धुवायची. सातवी नापासाला एसीत काम, और क्या चाहिए! संजीवभिया इथला जुना माणूस. त्यानं पोहे खिलवले, वर जीरावन मसाला मारके. उरलेले फाटकावरच्या भुऱ्या कुत्र्याला घातले. लगेच दोस्ती.

२६ सप्टेंबर
मला गप्प बसवत नाही. पूर्वा मॅडमना विचारत बसतो. त्या प्रोटीन बनवतात. रव्यासारख्या दाण्यांवर एकेक मणी जोडत माळ वाढवायची, शेवटी कडक ॲसिड टाकून माळ दाण्यांवरून सोडवायची. पण एका भांड्यातली माळ फार नाजूक. तिच्या एका मण्यावर साखरेची इवलीशी खूण आहे. त्या खुणेवरून शरीर म्हणतं, हा आपला. कडक ॲसिडनं खूण गळते, मग शरीर तिला परकी समजून संपवतं. म्हणून त्या भांड्याच्या गळ्यात मॅडमनी लाल धागा बांधलाय. त्याला फक्त हलकं औषध.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. गावाकडं आम्ही विळा-कोयता पूजतो. इथं भांडीच माझी हत्यारं. मॅडम सुट्टीवर होत्या. झेंडू वाहिला, सगळ्या भांड्यांना लाल धागे बांधले. संजीवभिया हसला, भिया, तूने तो सबकी शादी करा दी. मग त्याचं हसू गेलं. माझंही.
नाजूक भांडं कोणतं?

३ ऑक्टोबर
ॲसिड टाकायच्या आधी संजीवभियानं विचारलं, नाजूक कोणतं. मी अंदाजानं एक दाखवलं. बाकी सगळ्यांना ॲसिड गेलं. मशीनवर मॅडमनी पाहिलं, खूण गळालेली. कुणी केलं म्हणाल्या. आम्ही दोघं भांडी उचलून धुवायला गेलो. तेच नाजूक भांडं धुताना हातमोजा फाटला, आतलं ॲसिड तळव्यावर आलं. जळजळ नाही झाली. गार वाटलं, बस.

८ ऑक्टोबर
हजेरीचं अंगठ्याचं मशीन मला घेत नाही. तळहात बघितला. रेषा नाहीत. धुतलेल्या काचेसारखा.

१३ ऑक्टोबर
भुऱ्या अंगावर आला. पोहे टाकले तरी दात विचकून उभा. रोज हातातून खायचा तो.

१७ ऑक्टोबर
संजीवभियाला हाक मारली. म्हणाला, जी, किससे मिलना है? वाटलं मस्करी करतोय. मी हसलो. तो नाही हसला. आपल्या नथूला विचारून सांगतो म्हणाला, आणि मला शोधायला आत गेला.

२० ऑक्टोबर
मॅडमना सगळं खरं सांगायला गेलो, धागे मी बांधले म्हणून. त्यांनी गार्डला बोलावलं. मला बाहेर काढलं. बाहेर फटाके — सगळे आपापल्या माणसांत —
अंगात ताप. उजवा हात खांद्यापर्यंत सुजलाय. मॅडम म्हणाल्या होत्या, शरीर परक्याला —
ताई ओळखेल. ताई ओळखेलच.

२३ ऑक्टोबर
आली. खोलीच्या दारात ताट घेऊन उभी. माझ्याकडं बघून म्हणाली, भाऊ, इथं माझा नथू राहतो ना?
ताई, मीच गं, म्हटलं. ती दोन पावलं मागं सरली. फोन काढला, नथूला लावला. वाजला माझ्या खिशात.
ताट पडलं. माझ्या भावाचं काय केलंस रे, म्हणून किंचाळली. बाहेरून कडी घातली. गल्ली जमलीय. दारावर लाथा —
व्रण! व्रण दाखवतो. तो बघितल्यावर तरी —
डाव्या हातानं लिहितोय, उजवा उचलत नाही. थांब, कानामागं चाचपतो, नेमका कुठं —
इथंच होता.
इथंच तर —
ताई, गुळगुळीत ला