पाठीवर ठेवलेली नजर

बाबा, तुमच्या पाठीवर मी पाळत ठेवली होती, आणि तीही आईच्या सांगण्यावरून. पवनीच्या घरात तुम्ही पाय खड्ड्यात सोडून उघड्या अंगानं हातमागावर बसायचात, मी मागे ओसरीत अभ्यास करायची. आणीबाणी उठली त्या वर्षी मी सातवीत होते. सुताचा धोटा फेकायची दोरी ओढून ओढून उजवा खांदा धरला, असं तुम्ही म्हणू लागलात. सुताच्या कांड्या भरता भरता आई माझ्या कानाशी आली. "पानठेल्यावर तुह्या बापाचा हात दुखत नाही, मागावरच कसा दुखते? पाहून ठेव, हात वर जाते का." संशय घ्यायला आईला कारण लागत नसे. तो गुण माझ्यात जसाच्या तसा उतरला आहे.

मी तुमचा सदरा वरच्या खुंटीला टांगला आणि पुस्तकाआडून बघत बसले. तुम्ही उठता, आधी डावा हात भिंतीला टेकवायला वर नेता. पाठीचं पातं, खांद्यामागचं ते सपाट हाड, त्याच्यासोबत सावकाश वळतं. मग उजवा. इकडे हात निघायच्या आधीच पातं वर चढतं, खांदा कानाला भिडतो, कंबर वाकडी होते, आणि सदरा खुंटीवरून निघतो. आईनं तुमच्यासमोरच विचारलं. तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू पाह्यलं ना बाई? सांग, जाते का वर?" मी म्हटलं, "जाते." तुम्ही पुन्हा खड्ड्यात उतरलात. त्यानंतर आठ वर्षं विणलंत.

आता माझाच खांदा आखडलाय. भंडाऱ्याला व्यायाम शिकवणारी मुलगी पाठीवर तळवा ठेवून म्हणाली, "काकू, हात उचलताना पातं सोबत वळायले पाहिजे. तुमचा सांधा हलूनच नाही राहिला, पातं एकटंच हात ओढून राहिलं." मला वाटलं, उगाच रोज यायला लावते. तिनं दोन आरसे धरले. आरशात तुमची पाठ होती.

आईवर ढकलून मोकळं होता येईल, तीही आता नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, तरी पुढचं मी तीनदा खोडलं. उजवं पातं वेगळं हललं, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. पण तुम्ही मागावरून कायमचे उठलात तर माझी शाळा सोडवून मला मागावर बसवायचं, असं आई शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं. मला आठवीत जायचं होतं, बाबा, म्हणून मी "जाते" म्हटलं.