आतून पांढरी पडलेली काच

१९ नोव्हेंबर, मंगळवार. शिरवळ, संध्याकाळ.

घाई नडली. दुसरं काही नाही.

चार महिने त्या अमेरिकन गाडीचं छोटं प्लास्टिकचं मॉडेल जोडत बसलो होतो. लांबलचक बॉनेट, लाल रंग, मागची चाकं रुंद. स्टेअरिंग मुद्दाम कापून उजवीकडं आणलं, कारण पहिल्याच दिवशी माझे वडील, आण्णा, म्हणाले होते, "डावीकडं बसून आमी कशी चालवायची रं?" तीस वर्षं कोयनेच्या घाटात ट्रक चालवलाय त्यांनी. तेव्हा मला नावानं हाक मारत होते.

काल पुढची काच सुपरग्लूनं चिकटवली आणि ग्लू वाळायच्या आत बॉडी पक्की बसवून टाकली. वाफ आत कोंडली की काच पांढरी पडते, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण आण्णा रोज थोडं थोडं विसरत चाललेत, म्हणून धीर निघाला नाही. आता गाडी फोडल्याशिवाय आत हात पोचत नाही.

तरी आज त्यांच्या हातात दिली. निदान बाजूच्या खिडकीतून स्टेअरिंग दिसेल म्हणून. त्यांनी काचेवर अंगठा फिरवला. मग टॉवेलनं पुसली, परत पुसली. पांढरं जाईना.

"लय धुकं हाय," म्हणाले. "क्लीनर, खाली उतर. पुढं चालत ऱ्हा."

"आवं आण्णा, मी संजय."

"व्हय. उतर तू."

मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. मागून ते विचारत राहिले, "हाय का रं रस्ता?"